गव्हाणीपाशी उभा असिसीचा फ्रान्सिस

नाताळचा आठवडा आला की वसईच्या वाड्यांपासून थेट गोव्यापर्यंत अंगणांचे रूप पालटते. झाडाच्या फांदीला कागदी चांदणी लटकते, दारात दिव्यांच्या माळा चढतात आणि एका कोपऱ्यात पेंढ्याने शाकारलेला लहानसा गोठा उभा राहतो. गोठ्यात बैल, गाढव, मेंढरे, मरिया, योसेफ आणि मधोमध गव्हाणीत निजलेले बाळ. घरात जागा असली तरी पुष्कळ जण हा गोठा मुद्दाम बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा मांडतात. ही चाल इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी पाडली असेल, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. सणांच्या बहुतेक चालींना कर्ता नसतोच. पहिला आकाशकंदील कोणी टांगला, दिवाळीतला पहिला किल्ला कोणी बांधला, हे कोण सांगणार? नाताळच्या गोठ्याला मात्र एक साल आहे, एक गाव आहे आणि एक माणूस आहे. साल १२२३, गाव इटलीतले ग्रेच्चो आणि माणूस असिसीचा फ्रान्सिस.

आपल्याकडे संत फ्रान्सिस म्हटले की जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चमध्ये ज्याचे शव जतन केले आहे तो फ्रान्सिस झेवियर आठवतो. तो सोळाव्या शतकातला. आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत तो त्याच्याही तीनशेहून अधिक वर्षे आधीचा. त्याच्या नावाचे चर्चही जुन्या गोव्यातच, से कॅथेड्रलला लागून आहे. पण झेवियरच्या दर्शनाला आलेल्यांपैकी फार थोड्यांची पावले तिकडे वळतात. ज्याने आयुष्यभर मागे उभे राहणे पसंत केले, त्याच्या वाट्याला मागची जागा यावी, यात मला एक प्रकारचे औचित्यच वाटते.

मध्य इटलीतील असिसी या डोंगरउतारावरच्या गावात ११८१-८२च्या सुमारास फ्रान्सिसचा जन्म झाला. वडील पिएत्रो हे कापडाचे मोठे व्यापारी. मुलाचे नाव ठेवले होते जिओव्हानी. पण व्यापारासाठी फ्रान्सला गेलेले वडील परत आले आणि त्यांनी त्याला फ्रान्सेस्को म्हणायला सुरुवात केली. तेच नाव पुढे चिकटले. मुलगा उधळ्या, गाण्याबजावण्याचा शौकीन आणि मित्रांच्या मैफलीचा राजा. सरदार व्हायचे हे त्याचे स्वप्न. १२०२ साली असिसी आणि शेजारचे पेरुजा यांच्यात लढाई झाली, तिच्यात तो पकडला गेला आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिला. सुटून आला तो आजार घेऊनच. पुन्हा एकदा शस्त्रे बांधून दक्षिणेकडे निघाला, पण स्पोलेतोपासून माघारी फिरला. आत काहीतरी बदलत होते.

एके दिवशी वाटेत महारोगी भेटला. महारोग्यांची त्याला शिसारी येत असे. त्या दिवशी मात्र तो घोड्यावरून उतरला आणि त्याला जवळ घेतले. नंतर पडझड झालेल्या सान दामियानो चर्चमध्ये प्रार्थना करताना, हे घर दुरुस्त कर, अशी आज्ञा क्रुसावरच्या ख्रिस्ताने आपल्याला दिली, असे त्याला वाटले. त्याने आज्ञेचा सरळ अर्थ घेतला. वडिलांच्या दुकानातले कापड नेऊन विकले, घोडाही विकला आणि पैसा चर्चच्या दुरुस्तीला काढला. वडील संतापले आणि प्रकरण बिशपपुढे गेले. तिथे भरल्या सभेत फ्रान्सिसने अंगावरचे कपडे उतरवून वडिलांच्या पुढ्यात ठेवले. दुकानदाराच्या घरात जन्मलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, ही कथा आपण ऐकत आलो आहोत. सगळे हिशेब एकदाच आणि कायमचे मिटवणारी ही माणसे एकमेकांची भाषा न जाणताही एकाच गावची वाटतात.

पुढची वर्षे त्याने हाताने दगड रचण्यात, महारोग्यांची सेवा करण्यात आणि भीक मागून जगण्यात घालवली. हळूहळू सोबती मिळाले. १२०९च्या सुमारास अकरा सोबत्यांसह तो रोमला गेला आणि पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या जीवनक्रमाला तोंडी संमती दिली. १२१२ साली असिसीतल्याच खानदानी घरातली क्लारा त्याच्या वाटेवर आली आणि तिच्यापासून भगिनींचा संघ सुरू झाला. १२१९ साली, धर्मयुद्ध ऐन भरात असताना, तो इजिप्तला गेला आणि लढाईची सीमा निःशस्त्र ओलांडून सुलतान अल्-कामिलला भेटला. सुलतानाने त्याचे ऐकून घेतले आणि सुखरूप परत पाठवले.

इथपर्यंतची कथा बहुतेकांना थोडीफार ठाऊक असते. तिच्यापुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि गोठ्याचा अर्थ तर त्यातच आहे.

इजिप्तहून परतलेला फ्रान्सिस डोळ्यांचा विकार घेऊन आला. पोट, यकृत सगळेच बिघडलेले होते. बारा जणांचा मेळा आता काही हजारांवर गेला होता. त्यात विद्वान होते, व्यवस्थापक होते. त्यांना घरे हवी होती, पुस्तके हवी होती, नियम हवे होते. असिसीच्या नगरसभेने बंधूंच्या सभेसाठी एक पक्के घर बांधले, तेव्हा फ्रान्सिस स्वतः छपरावर चढून कौले खाली फेकू लागला. हे घर संघाचे नसून गावाचे आहे, असे सांगितल्यावरच तो थांबला. १२२० साली त्याने संघाचे प्रमुखपद सोडले. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी संघाच्या नियमावलीला अंतिम मान्यता दिली. नियमावली झाली खरी. पण त्याच्या मनात जे होते त्यातले काही तिच्यात उतरले नव्हते. त्याने सुरू केलेले काम त्याच्यापेक्षा मोठे झाले होते आणि त्याच्या हातून निसटतही होते. ज्यांनी एखादी संस्था पोटच्या पोरासारखी वाढवली आहे, त्यांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

त्या दिवसानंतर चार आठवड्यांच्या आत नाताळ आला.

रिएती खोऱ्यातील ग्रेच्चो हे डोंगराच्या कड्याला बिलगलेले छोटे गाव. तिथे जिओव्हानी नावाचा एक भला सरदार फ्रान्सिसच्या ओळखीचा होता. नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी फ्रान्सिसने त्याला निरोप धाडून तयारी करायला सांगितले. बेथलेहेममध्ये जन्मलेल्या बाळाची किती गैरसोय झाली, ते गव्हाणीत, गवतावर, बैल आणि गाढवाच्या शेजारी कसे निजले असेल, हे त्याला आपल्या डोळ्यांनी पाहायचे होते. डोळे जात चाललेल्या माणसाची ही इच्छा होती, हे मी वाचले तेव्हापासून विसरू शकलेलो नाही.

येशूजन्माची चित्रे आणि नाट्यप्रवेश चर्चमध्ये त्याआधीही होत असत. ग्रेच्चोचे वेगळेपण त्याच्या साध्या यादीत होते: एक गव्हाण, गवत, एक बैल, एक गाढव. बस्स. मरिया नव्हती, योसेफ नव्हता, मेंढपाळ नव्हते, देवदूतही नव्हते. त्या रात्री आसपासच्या मठांतून बंधू आले. गावातले स्त्री-पुरुष आपापल्या ऐपतीप्रमाणे मेणबत्त्या आणि मशाली घेऊन डोंगर चढून आले. रान उजळले आणि कडे गाण्याने दुमदुमले. गव्हाणीवरच मिस्सा झाली. फ्रान्सिस डीकन होता. त्याने शुभवर्तमान गाऊन वाचले आणि मग लोकांशी बोलला. बेथलेहेम हा शब्द तो कोकराच्या बें-बें सारखा उच्चारत होता, असे त्याचा पहिला चरित्रकार, चेलानोचा थॉमस, याने नोंदवले आहे. जमलेल्यांपैकी एका सज्जनाला त्या रात्री असा भास झाला की गव्हाणीत एक निपचित पडलेले बाळ आहे, आणि फ्रान्सिस जवळ जाताच ते गाढ झोपेतून जागे झाले. लोकांच्या मनात विसरला गेलेला येशू त्या रात्री जागा झाला, असा अर्थ थॉमसने लावला आहे. ते गवत लोकांनी जपून ठेवले आणि आजारी गुरांना खाऊ घातले, असेही तो सांगतो.

संघ, नियम, घरे, अधिकार या सगळ्याविषयी जे त्याला पटवून देता आले नव्हते, ते फ्रान्सिसने एका रात्रीत मांडून दाखवले, असे मला वाटते. वाद घालण्याऐवजी त्याने एक मांडणी केली. तिच्यासाठी विकत आणावे असे काही नव्हते. जे होते ते गावच्या गोठ्यातलेच होते. आणि गव्हाणीत बाहुलीचाही उल्लेख नाही. ती रिकामी होती. बघणाऱ्याने ती आपल्या मनाने भरायची होती.

झाडे, बागा आणि दिवे यांच्याशी तो कसा वागे, याच्या नोंदीही थॉमसने केल्या आहेत. नाताळची सजावट करणाऱ्या प्रत्येकाने त्या वाचाव्यात अशा आहेत. बंधू लाकूड तोडायला निघाले की झाड मुळापासून तोडू नका, पुन्हा पालवी फुटेल असे राखा, असे तो बजावी. मठाचा माळी सगळी जमीन भाजीपाल्यासाठी खणू लागला, तर कडेची पट्टी तशीच राहू दे, तिथे रानगवत आणि फुले येऊ देत, असे सांगे. सुगंधी फुलझाडांसाठी एक तुकडा वेगळा ठेवायला लावी. पेटता दिवा फुंकून विझवणे त्याच्या जिवावर येई. आणि नाताळच्या दिवशी? सम्राटाची भेट झाली तर आपण त्याला एक कायदा करायला सांगू, असे तो म्हणत असे. त्या दिवशी रस्त्यांवर धान्य विखरावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोलांना, पोटभर मिळेल. बैल-गाढवांना नेहमीपेक्षा जास्त चारा द्यावा. आणि श्रीमंतांनी गरिबांना जेवू घालावे. सम्राटाची भेट काही झाली नाही. कायदाही झाला नाही.

ग्रेच्चोनंतर तो तीन वर्षेही जगला नाही. १२२४ साली ला व्हेर्ना डोंगरावर उपासात असताना त्याच्या हातापायांवर आणि कुशीत ख्रिस्ताच्या जखमांसारखे व्रण उमटले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. डोळ्यांच्या उपचारासाठी वैद्याने तापल्या लोखंडाने डागले, पण दृष्टी परतली नाही. जवळजवळ आंधळ्या अवस्थेत, प्रकाश सोसवत नसताना, त्याने सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारे स्तोत्र आपल्या बोलीभाषेत रचले. ३ ऑक्टोबर १२२६च्या संध्याकाळी पोर्झियुंकोला या लहानग्या चर्चपाशी, त्याच्याच इच्छेप्रमाणे उघड्या जमिनीवर ठेवलेल्या अवस्थेत, त्याने प्राण सोडला. १६ जुलै १२२८ रोजी तो संत म्हणून घोषित झाला.

त्याचा गोठा मात्र वाढत गेला. तेराव्या शतकाच्या अखेरीस रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये आर्नोल्फो दी कांबिओने संगमरवरी मूर्ती घडवल्या. अठराव्या शतकात नेपल्सच्या गोठ्यांत अख्खा बाजार अवतरला: मासेविके, पाववाले, रेशमी वस्त्रांतले राजे. पोर्तुगीजांबरोबर फ्रान्सिसकन साधू सोळाव्या शतकात गोव्यात आणि वसईत आले. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे भग्नावशेष आजही उभे आहेत. २०१३ साली निवडून आलेल्या पोपनी फ्रान्सिस हे नाव घेतले ते याच असिसीच्या फ्रान्सिसवरून. त्यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चोला जाऊन गोठ्याच्या प्रथेविषयीच्या पत्रावर सही केली. २०२५ साली तेही गेले.

आज आपल्या अंगणांतल्या गोठ्यांत विजेवर फिरणारी चक्की असते, कारंजे असते, रंग बदलणाऱ्या माळा असतात. स्पर्धा होतात, बक्षिसे लागतात. मला त्यात वावगे वाटत नाही. पोरे रात्र रात्र जागून काही उभे करतात, शेजारी हातभार लावतात, हा आनंद खराच आहे. फक्त एवढेच वाटते की या थाटात मूळची यादी हरवू नये. ती हरवलेली नाही, याच्या खुणाही दिसतात. अजून पुष्कळ घरी गोठ्यासाठी दोन-तीन आठवडे आधी नाचणी किंवा गहू पेरतात, म्हणजे नाताळपर्यंत हिरवेगार कुरण तयार होते. दिवाळीच्या किल्ल्यावर आपली मुले आळीव आणि मोहरी पेरतात ती याच हौसेने. मातीत दाणा टाकून तो उगवण्याची वाट पाहणे, ही सजावट कोणत्याही धर्माची असो, फ्रान्सिसला ती ओळखीची वाटली असती.

यंदा अंगणात, गच्चीत किंवा खिडकीच्या कठड्यावर जे काही मांडाल ते मांडा. त्याच्या शेजारी मूठभर ज्वारी-बाजरी आणि पाण्याचे एक भांडे ठेवायला विसरू नका. चंडोल येईलच असे नाही; चिमण्या, साळुंक्या येतील. दारावरून जाणाऱ्या एखाद्या भुकेल्या माणसालाही त्या दिवशी रिकाम्या हाताने पाठवू नका. आठशे वर्षांपूर्वी जो कायदा सम्राटाने केला नाही, तो आपल्या उंबऱ्यापुरता करायला कोणाची परवानगी लागत नाही.