आपल्या शहरातले भाग्यरेड्डी वर्मा

स्मरणिकेत आपण बहुधा आपल्याच माणसांबद्दल वाचतो. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक ही नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडी ऐकत हैदराबादच्या मराठी घरांतल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. यंदा आम्ही मुद्दाम एका तेलुगू माणसाबद्दल लिहीत आहोत. ते याच शहरात, त्याच काळात, आपल्या विवेकवर्धिनीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर शाळा चालवत होते. आणि तरी आपल्या बैठकीत त्यांचे नाव सहसा निघत नाही.

भाग्यरेड्डी वर्मा यांचा जन्म 22 मे 1888 रोजी हैदराबादेत झाला. मूळ नाव मादरी भागय्या. घर माला जातीचे, म्हणजे त्या काळच्या हिशेबात अस्पृश्यांचे. घराण्याच्या गुरूने मुलाला भाग्यरेड्डी हे नाव दिले. तेलुगूत रेडू म्हणजे राजा. आपण या भूमीचे जुने धनी आहोत ही गोष्ट नावातच असावी, असा त्यामागचा विचार. पुढे 1913 साली आर्यसमाजाने त्यांच्या कामाची दखल घेऊन त्यात वर्मा हे उपपद जोडले. केशवराव कोरटकर ज्या आर्यसमाजाचे हैदराबादेतले पुढारी होते, तोच हा आर्यसमाज.

1906 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी जगन्मित्र मंडळी काढली. त्याच वर्षी मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. फरक मात्र मोठा. शिंदे वरच्या पायरीवरून खाली उतरून आले होते. भाग्यरेड्डी त्याच वस्तीत जन्मले होते. मंडळींचे काम भजने आणि हरिकथांतून चाले. उत्सवाच्या निमित्ताने लोकांना एकत्र आणून चार गोष्टी कानावर घालायच्या, ही रीत आपल्याला निराळी सांगायला नको. हरिकथा मात्र तिथे दारू सोडण्याबद्दल, देवाला मुली सोडण्याच्या चालीविरुद्ध आणि मुलांना शाळेत पाठवण्याबद्दल असे. साथीच्या दिवसांत त्यांचे स्वयंसेवक वस्त्यांतून आजाऱ्यांची शुश्रूषा करत फिरत.

पहिल्या शाळा 1910 साली निघाल्या, इसामिया बाजारात आणि लिंगमपल्लीत. पैसा जवळ नव्हता. तरीही हा आकडा वाढत पंचवीसच्या आसपास गेला आणि विद्यार्थी दोन हजारांवर. शिकवणे तेलुगूतून. निजामाच्या राज्यात कचेरीची आणि सरकारी शाळेची भाषा उर्दू होती, तेव्हा स्वतःच्या भाषेत मूल शिकवायचे तर शाळा स्वतःच काढावी लागे. 1907 साली विवेकवर्धिनी निघाली तेव्हा आपल्या पूर्वजांपुढेही हीच अडचण होती. पण आपली अडचण भाषेची होती. त्यांच्या मुलाला भाषा आली असती तरी वर्गाच्या दाराशी दुसरीच अडचण उभी होती.

ही अडचण केवळ दाराशी नसते, ती मुलाच्या मनात शिरते, हे भाग्यरेड्डींनी फार लवकर ओळखले. 1940 च्या सुमारास अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या आणि चांगली कोणती, वाईट कोणती ते विचारले. बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. वेगळे बसवलेले मूल हळूहळू स्वतःलाच कमी लेखू लागते, हे त्यातून पुढे आले. 1954 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली वर्णभेदाची विभागणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा या अभ्यासाचाही आधार घेतला. भाग्यरेड्डींजवळ ना प्रयोगशाळा होती ना विद्यापीठाची पदवी. त्यांनी सुरुवात केली ती नावापासून.

1917 च्या नोव्हेंबरात बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, आंध्र प्रांताची पहिली पंचम परिषद भरली. अध्यक्ष भाग्यरेड्डी. त्यांनी पहिली हरकत घेतली ती परिषदेच्या नावालाच. शास्त्रपुराणांत वर्ण चार, मग हा पाचवा आला कुठून, असा त्यांचा मुद्दा. आपण या देशाचे मूळ रहिवासी आहोत, म्हणून आदि-आंध्र म्हणावे, असे ठरले आणि परिषदेचे नाव तिथेच बदलले. हैदराबादेत त्यांनी आदि-हिंदू हे नाव रुजवले, आणि 1931 च्या जनगणनेत निजाम सरकारने ते नोंदवून घेतले. मास्तर हजेरी घेताना मुलाच्या नावापुढे काय लिहितो, याला त्यांच्या लेखी पुस्तकाइतकेच मोल होते, असे आम्हाला वाटते.

त्याच काळातला एक प्रसंग आपण मराठी माणसांनी टाळू नये. नोव्हेंबर 1921 मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्याची सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष होते अण्णासाहेब कर्वे. अलमपल्ली व्यंकट रामराव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि श्रोत्यांनी हुर्यो करून त्यांना बोलू दिले नाही. श्रोत्यांत मराठी मंडळी बरीच होती. परिषद सुधारणेची, अध्यक्ष विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारा, आणि शहरातल्या कितीतरी लोकांची भाषा चेष्टेचा विषय! त्या अपमानातून तेलुगू मंडळींनी लगेच आंध्र जनसंघ स्थापन केला, आणि तेलंगणाच्या राजकारणाची एक मोठी वाट तिथून फुटली. सुशिक्षित वकिलाची ही गत, तर इसामिया बाजारातल्या तेलुगू मुलाला आपल्यातले किती जण जवळ करत असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

भाग्यरेड्डींच्या कामालाही मर्यादा होत्या. संघटनेत माला मंडळींचा वरचष्मा राहिला, मादिगा समाज दुरावला आणि अरिगे रामस्वामींसारखे सहकारी वेगळे होऊन स्वतंत्र काम करू लागले. ज्यांना सगळ्यांनी खाली लोटले त्यांच्यातही वरखाली असतेच. तरीही 1931 साली त्यांनी भाग्यनगर नावाचे पत्र काढले तेव्हा त्यात लिहिलेली कथा होती वेट्टी मादिगा, म्हणजे वेठीला धरलेल्या मादिगाची. तेलुगूतली वेट्टी ती आपली वेठ. मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेर हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नसता.

1930 साली लखनौच्या अखिल भारतीय आदि-हिंदू परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकरांना तिथे पाठिंबा देण्यात आला. पुढे त्यांचा ओढा बुद्धाकडे वाढत गेला. 1937 मध्ये त्यांनी हैदराबादेत बुद्धजयंती साजरी केली. 18 फेब्रुवारी 1939 रोजी, एकावन्न पुरे होण्याआधीच, ते गेले. चादरघाटला त्यांनी उभारलेल्या आदि-हिंदू भवनात पुढे त्यांच्या नावाने मुलींची शाळा भरू लागली.