बाटलीत वाटाणे टिकवणारे निकोला अपेर

दुकानात डब्यातले वाटाणे तुम्ही पाहिले असतील. ते वर्षभर सुद्धा नासत नाहीत. ही युक्ती ज्यांनी शोधली त्यांची ही माहिती आहे. त्यांचं नाव निकोला अपेर. फ्रेंच भाषेत त्यांच्या नावाच्या शेवटी ट लिहितात, पण तो म्हणत नाहीत, असं बाईंनी सांगितलं.

निकोला अपेर यांचा जन्म १७ नोव्हेंबर १७४९ रोजी फ्रान्स देशात शालों या गावी झाला. त्यांच्या वडिलांची खाणावळ होती. तिथे उतारू मुक्कामाला येत. निकोला लहानपणापासून स्वयंपाकघरात आणि तळघरात वावरले. स्वयंपाक कसा करतात, बाटल्या कशा भरतात, बूच कसं घट्ट ठोकतात, हे सगळं ते घरीच शिकले. मोठेपणी ते सरदारांच्या घरी आचारी होते. पुढे १७८४ साली त्यांनी पॅरिसमध्ये मिठाईचं दुकान टाकलं. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा १७९४ साली त्यांना तुरुंगात सुद्धा जावं लागलं.

त्या काळी लोक भाजी वाळवत, मिठात घालत, नाहीतर साखरेत मुरवत. आपण पण तसंच करतो. माझी आजी गवारी वाळवते, सांडगे घालते. पण वाळवलेल्या भाजीला ताज्या भाजीची चव राहत नाही. जहाजावरचे खलाशी तर महिनोन् महिने खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं खात. ताजं अन्न न मिळाल्यामुळे त्यांच्या हिरड्या सुजायच्या, दात पडायचे आणि कितीतरी खलाशी मरून जायचे. ताजी भाजी तशीच्या तशी टिकवायची, असं अपेर यांनी मनात धरलं. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले.

पॅरिसजवळ मासी या गावी त्यांनी कारखाना काढला. शेजारीच मळा होता. तिथे वाटाणा आणि घेवडा लावत. शेंगा तोडल्या की लगेच सोलायच्या. दाणे रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत भरायचे. वर थोडी जागा मोकळी ठेवायची. बूच ठोकून घट्ट बसवायचं आणि तारेनं बांधायचं. मग प्रत्येक बाटली कापडी पिशवीत घालायची, म्हणजे बाटल्या एकमेकींवर आपटत नाहीत आणि एखादी फुटली तर काचा उडत नाहीत. नंतर बाटल्या पाण्याच्या मोठ्या कढईत उभ्या करून पाणी उकळायचं. वाटाण्याला दीड ते दोन तास लागत. कारखान्यात पुष्कळ बायका कामाला होत्या.

१८०३ साली ब्रेस्ट बंदरात फ्रान्सच्या आरमाराने त्यांच्या बाटल्या तीन महिने ठेवून पाहिल्या. उघडल्यावर वाटाणे आणि घेवडा चांगले निघाले. १८१० साली सरकारने त्यांना १२,००० फ्रँक दिले. पण एक अट होती. कृती छापून सगळ्यांना सांगायची. अपेर यांनी ती मान्य केली आणि पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचा हक्क दुसऱ्याच माणसाने घेतला. पुढे कितीतरी लोक डब्यांवर श्रीमंत झाले.

अपेर मात्र श्रीमंत झाले नाहीत. १८१४ आणि १८१५ साली लढाईत शत्रूचे सैनिक आले आणि मासीच्या कारखान्याची नासधूस झाली. तरी त्यांनी पॅरिसमध्ये पुन्हा काम सुरू केलं. १ जून १८४१ रोजी ९१ व्या वर्षी ते गरिबीत वारले. त्यांना सार्वजनिक कबरीत पुरलं. हे वाचून मला फार वाईट वाटलं. नंतर १९५५ साली फ्रान्सने त्यांच्या चित्राचं पोस्टाचं तिकीट काढलं.

गंमत म्हणजे भाजी का टिकते हे अपेर यांना नीट माहीत नव्हतं. हवेमुळे अन्न नासतं असं त्यांना वाटे. खरं कारण सूक्ष्म जंतू. ते लुई पाश्चर यांनी १८६० नंतरच्या वर्षांत दाखवून दिलं. उकळल्याने जंतू मरतात आणि बुचामुळे नवीन आत शिरत नाहीत.

हे ऐकून मी घरी परसातला घेवडा बाटलीत भरायचं ठरवलं. आईने बाटली पण धुऊन दिली होती. पण बाईंनी मला थांबवलं. एका जातीच्या जंतूचं बीज नुसत्या उकळत्या पाण्यात मरत नाही. बंद बाटलीत ते वाढतं आणि विष करतं. त्याला वास नाही, चव नाही, पण माणूस दगावतो. म्हणून घेवडा, वाटाणा, गाजर, मका अशा भाज्या घरी बाटलीत भरायच्या तर वाफेच्या दाबाचं खास यंत्र लागतं. त्यात ११६ अंशांपर्यंत उष्णता जाते. पाणी तर १०० अंशांवर उकळतं. आंबट पदार्थांत ते जंतू वाढत नाहीत. म्हणून टोमॅटोत लिंबाचा रस नीट मापाने घालून मग बाटल्या उकळतात. पालकांनी पण हे लक्षात ठेवावं. फुगलेला डबा कधीही खाऊ नये.

मग आम्ही घेवड्याची भाजी केली आणि उरलेला आजीने वाळत घातला.

मित्रांनो, अपेर यांनी आपली विद्या लपवून ठेवली नाही, सगळ्यांना दिली. आपणही तसंच करावं. पण कोणतीही कृती करताना आधी पूर्ण माहिती घ्यावी.

इयत्ता चौथी