एसी नव्हता, तरी वाईन गार! थॉमस जेफरसन यांच्या तळघराची गोष्ट

घरात वाईन साठवायची तर आज तापमान राखणारं कपाट मिळतं. पण वीजच नव्हती तेव्हा? अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं उत्तर जमिनीखाली होतं.

१७४३ मध्ये व्हर्जिनियात जन्मलेल्या जेफरसन यांनी १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. पुढे ते फ्रान्समध्ये राजदूत झाले. १७८७ मध्ये तिथल्या द्राक्षमळ्यांतून फिरले आणि वाईनचे पक्के जाणकार बनले.

माँटिचेलो या त्यांच्या घरात जेवणाच्या खोलीखालीच वाईनचं तळघर होतं. जमिनीखाली ऊन पोचत नाही, तापमान फारसं वरखाली होत नाही. वाईनला हेच हवं असतं. वर फायरप्लेसच्या दोन्ही बाजूंना कप्पीवर चालणाऱ्या छोट्या लिफ्ट. तळघरातली बाटली थेट पाहुण्यांसमोर!

खाली बाटली ठेवणारा माणूस मात्र कुणाला दिसत नसे. तो गुलाम असे. सगळी माणसं समान आहेत, असं लिहिणाऱ्या जेफरसन यांनी आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसांना गुलामीत ठेवलं.

४ जुलै १८२६ रोजी ते गेले, तेव्हा डोक्यावर १ लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. ते फेडण्यासाठी १८२७ मध्ये घरातल्या सामानासोबत सुमारे १३० गुलामांचाही लिलाव झाला.

ते तळघर आजही पाहता येतं. बाटली वर पाठवणाऱ्या हातांची गोष्टही आता तिथे सांगितली जाते.