सोलापुरी चादरीतला जॅकार्ड: पुठ्ठ्यावर डेटा एक्सपोर्ट करणारा माणूस

डेटाबेसमधलं टेबल कोड लिहून सीएसव्ही फाइलमध्ये काढताना आपण नक्की काय करतो? माहिती तीच ठेवतो, फक्त दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येईल अशी लिहून देतो. हेच काम २०० वर्षांपूर्वी एका विणकराने पुठ्ठ्यावर केलं. सोलापुरात ‘जॅकार्डची चादर’ म्हणतात ना, त्यातला जॅकार्ड तोच.

जोसेफ मारी जॅकार्डचा जन्म ७ जुलै १७५२ रोजी फ्रान्समधल्या लिओं शहरात झाला. घरचा धंदा रेशीम विणण्याचा. शाळा नाहीच, तेराव्या वर्षापर्यंत वाचताही येत नव्हतं. वडिलांमागे हाती आलेला पैसा गेला, कर्ज झालं. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो लढायला उतरला, त्यात त्याचा मुलगा मारला गेला.

तेव्हा नक्षीचं कापड विणायचं तर विणकरासोबत दोऱ्या ओढणारा एक पोरगा लागायचा. दोरी चुकली की नक्षी बिघडली! बूशों, फाल्कन, वोकांसन यांनी यावर आधीच डोकं चालवलं होतं. पॅरिसमध्ये वोकांसनचा जुना माग जॅकार्डच्या हाती लागला आणि १८०४ मध्ये त्याने सगळं जुळवून आणलं.

नक्षी चौकटीच्या कागदावर काढायची. हे झालं टेबल. त्यातल्या एका आडव्या ओळीचं एक कार्ड. भोक असेल तर उभा धागा वर उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो. मग कार्डं क्रमाने ओवायची. मागावर टांगलेली माळ दिसते ती हीच. आपला पायथनचा लूपही असाच एकेक ओळ घेऊन फाइलमध्ये लिहितो. क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ दिलं नाही, तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी नाही. म्हणजे कार्डं उलटसुलट ओवली की मोराची शेपटी डोक्यावर! (आणि हो, सीएसव्हीतलं मराठी एक्सेलमध्ये नीट दिसायला हवं तर पायथनमध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. नाहीतर अक्षरांचा काला होतो.)

१८०५ मध्ये नेपोलियनने जॅकार्डला पेन्शन दिली, वर प्रत्येक मागामागे पैसेही. लिओंचे कारागीर मात्र खवळले. दोऱ्या ओढणाऱ्यांचं काम आता कार्डं करणार होती, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. तरी माग पसरतच गेला.

७ ऑगस्ट १८३४ रोजी जॅकार्ड वारला. पाच वर्षांनी लिओंमध्ये त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं, सुमारे २४,००० कार्डं लावून. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजने मिळवली. आपल्या गणनयंत्राला अशीच कार्डं लावायचं त्याने आधीच ठरवलं होतं.