सरफोजी राजे आणि सरस्वती महालातील ग्रंथरक्षण

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांचा जन्म १७७७ मध्ये झाला. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले; परंतु गादी अमरसिंहाकडे गेली आणि सरफोजींचे बालपण जाचात गेले. जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या प्रयत्नाने १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथील अध्ययनात युरोपीय विद्यांची त्यांना गोडी लागली. १७९८ मध्ये ते गादीवर बसले. मात्र पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. किल्ला, तनखा आणि किताब एवढेच राजांकडे उरले. या मर्यादेत त्यांनी अंगीकारलेले मुख्य कार्य म्हणजे ग्रंथांचा संग्रह व रक्षण.

नायक राजांपासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांना वारशाने लाभला होता. कावेरीकाठच्या दमट हवेत ताडपत्रांना कीड लागते, कागद कुजतो. अशा स्थितीत जीर्ण प्रत निकामी होण्यापूर्वी तिची नक्कल करणे, हाच ग्रंथरक्षणाचा मुख्य उपाय होता. राजांनी त्यासाठी पंडित व लेखक पदरी ठेवले. १८२० ते १८२२ या काळातील काशीयात्रेतही हस्तलिखिते मिळविली. नकलेने ग्रंथ वाचतो, पण लेखकाच्या हातून नवे दोषही त्यात शिरतात. म्हणूनच एका ग्रंथाच्या अनेक प्रती एका ठिकाणी असणे पाठचिकित्सेच्या दृष्टीने मोलाचे ठरते. युरोपीय भाषांतील हजारो छापील पुस्तकेही त्यांनी जमविली. त्यांतील अनेकांवर त्यांची स्वाक्षरी आढळते.

ही दृष्टी ग्रंथालयापुरती नव्हती. भोसले वंशाचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला, राजवाड्यात देवनागरी ठशांचा छापखाना काढला आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह लिहवून ठेवल्या.

१८३२ मध्ये राजे निवर्तले. पुत्र शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक वारल्यावर संस्थान खालसा झाले; ग्रंथसंग्रह मात्र टिकला. बर्नेल यांनी त्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये पुरी केली आणि १९१८ मध्ये तो लोकांस खुला झाला. शहाजी राजांच्या काळापासूनची तंजावरी मराठी नाटके याच संग्रहात सापडली. १८४३ मधील विष्णुदास भावे यांच्या प्रयोगापासून आरंभ होणारा मराठी नाटकाचा इतिहास त्यामुळे सुमारे दीड शतक मागे नेता आला. सरफोजींच्या कार्याचे मोल या एका उदाहरणावरून ध्यानी यावे.