दुपारच्या वेळेची शाळा

मैत्रिणींनो, बचत गटाची बैठक असो नाहीतर चैत्रातलं हळदीकुंकू, चार जणी जमल्या की एक गोष्ट हमखास कानावर येते. शिकायचं होतं हो, पण वेळच मिळाला नाही! कुणाचं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलेलं असतं, कुणाला शिवणाचा पुढचा कोर्स करायचा असतो, कुणाला संगणक शिकून दुकानाचे हिशेब स्वतः बघायचे असतात. मग लग्न झालं, मुलं झाली, सासूबाईंचं दुखणं निघालं आणि ते राहूनच गेलं. ही कारणं खोटी नसतात. बाईचा दिवस किती जणांत वाटला जातो हे तुम्हाला मी काय सांगावं? तरीही असं कुणी म्हणालं की मला दर वेळी रमाबाई रानडे आठवतात.

२०१२ मध्ये ‘उंच माझा झोका’ ही मालिका टीव्हीवर सुरू झाली आणि छोटी रमा आपल्या घराघरांत पोचली. त्यामुळे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी आपल्या बायकोला शिकवलं, ही गोष्ट आता शाळकरी मुलींनाही माहीत आहे. पण ती शिकणारी बाई घरकाम, पाहुणे, सणवार, आजारपणं हे सगळं सांभाळून अभ्यास कधी करत होती? आणि शिकवणारा नवरा गेल्यावर तिने पुढे काय केलं? या दोन प्रश्नांच्या अंगाने मला त्यांचं आयुष्य आज सांगायचं आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही लेक. (यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावातला.) त्या काळात मुलीच्या हातात पाटी देणं घरोघरी निषिद्ध, तसंच ते कुर्लेकरांकडेही होतं. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा ३१ वर्षांचा, विद्वान, पुण्यात न्यायाधीश. रानड्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. ते स्वतः विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असल्यामुळे ते एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे मात्र त्यांचं काही चाललं नाही. या गोष्टीवरून त्यांच्यावर खूप टीका झाली आणि ती काही चुकीची नव्हती. त्यांनी एक मात्र केलं. घरात आलेल्या त्या अक्षरशत्रू मुलीला लगेच मुळाक्षरं शिकवायला सुरुवात केली.

आता त्या घराकडे बघू या. रानड्यांचं घर माणसांनी भरलेलं. त्यांच्या सावत्र आई, विधवा बहीण, नात्यागोत्यातल्या बायका. नवऱ्याने बायकोला शिकवायचं ठरवलं म्हणून स्वयंपाकघराने ते मान्य केलं असं नाही. दिवसा सगळ्यांच्या बरोबरीने घरकाम करायचं आणि रात्री नवऱ्याजवळ धडे घ्यायचे. रात्री मोठ्याने वाचलं की सकाळी टोमणे. थोरामोठ्यांच्या घरात सुनेने वाचणं म्हणजे आगाऊपणा! घरातल्या बायका अबोला धरायच्या, हिणवायच्या. बरोबरीच्या मुलींमध्येही ही एकटी पडायची. रमाबाई उलट उत्तर द्यायच्या नाहीत. मात्र रात्रीचा अभ्यासही सोडायच्या नाहीत. दिवसाच्या कामात कसूर ठेवायची नाही आणि आपल्या ठरलेल्या वेळेला हात लावू द्यायचा नाही, अशी ती रीत होती.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सगळं आवरून झाल्यावर उरलेल्या वेळात बघू, असा विचार त्यांनी केला असता तर त्या शिकल्याच नसत्या. एवढ्या मोठ्या घरात सगळं आवरून कधी होतं का? एक काम संपलं की दुसरं उभं! त्यांची वेळ आधी ठरलेली होती म्हणून ती टिकली.

१८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली. इथे बिऱ्हाड छोटं, त्यामुळे थोडी मोकळीक मिळाली. चार लोकांसमोर उभं राहून बोलण्याची पहिली वेळही त्यांच्यावर नाशिकलाच आली. ते पहिलं भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. पुढे पुण्याला परत आल्यावर इंग्रजीची शिकवणी लागली. मिस हरफर्ड नावाच्या बाई शिकवायच्या. झालं! मडमेला शिवलेल्या सुनेने आंघोळ केल्याशिवाय सोवळ्यात यायचं नाही, असा घरात दंडक पडला. विचार करा, इंग्रजीच्या एका धड्याची किंमत एक जास्तीची आंघोळ. तीसुद्धा थंडीच्या दिवसांत. रमाबाईंनी तीही मोजली.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्या रमाबाई तिथे जाऊ लागल्यावर घरात पुन्हा वादळ उठलं. मुलींसाठी पुण्यात हायस्कूल हवं, अशी मागणी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यासमोर मांडायची वेळ आली तेव्हा ते इंग्रजी निवेदन वाचायचं काम त्यांच्याकडे आलं. दहा-अकरा वर्षांपूर्वी ज्या मुलीला अक्षरओळख नव्हती, ती भरसभेत इंग्रजी वाचत होती. घरी आल्यावर मात्र कौतुकाऐवजी बोलणी खावी लागली. २९ सप्टेंबर १८८४ रोजी ती शाळा सुरू झाली. तीच पुण्याची प्रसिद्ध हुजूरपागा. आज आपल्या मुली बिनधास्त हायस्कुलात जातात, तेव्हा त्यांच्यामागे अशा किती जणींनी खाल्लेली बोलणी आहेत, याची आठवण ठेवायला हवी.

रानड्यांच्या सरकारी कामासाठी १८८६ च्या सुमाराला दोघं कलकत्त्याला राहिले होते. तिथला एक प्रसंग मला फार आवडतो. दारात बंगाली वर्तमानपत्र विकायला आलं आणि आपल्याला ते वाचता येत नाही याची रानड्यांना खंत वाटली. त्यांनी बंगाली पुस्तकं आणली. रमाबाईंना एक दिवस आतून आवाज ऐकू आला, वाटलं कुणीतरी मास्तर आले आहेत. बघतात तर काय, न्हावी दाढी करतोय, न्यायाधीशसाहेबांच्या हातात बंगाली पुस्तक आहे आणि अडलेला शब्द ते न्हाव्याला विचारताहेत! रमाबाईंना त्याची गंमत वाटली आणि थोडं ओशाळवाणंही. पुढे त्याही बंगाली शिकल्या. दाढीच्या वेळातही भाषा शिकता येते आणि शिकवणारा न्हावी असला तरी तो गुरूच, हे दोन्ही धडे त्यांनी त्या दिवशी घेतले असावेत असं मला वाटतं.

इथे माझ्या काही मैत्रिणी लगेच म्हणतील, त्यांना काय हो, नवरा न्यायमूर्ती, हाताशी माणसं, पैशाची ददात नाही. बरोबर आहे. रमाबाईंना नवऱ्याचा आधार होता, तो त्या काळातल्या लाखो बायकांना नव्हता आणि आजही पुष्कळ जणींना नाही. म्हणूनच मला त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध जास्त मोलाचा वाटतो.

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी बायकांसाठी क्लब सुरू केला. त्यात भाषा, सामान्यज्ञान, शिवण, हस्तकला असे वर्ग चालायचे. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर. ज्या माणसाच्या वेळापत्रकाभोवती सत्तावीस वर्षं आपला दिवस बांधला, तोच नाही. त्या मुंबई सोडून पुण्याला फुले मंडईजवळच्या घरी आल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे विधवेचं आयुष्य तिथेच संपायचं. पुढची वर्षं माळ ओढण्यात गेली असती तर त्यांना कुणीही नावं ठेवली नसती. उलट चांगलंच म्हटलं असतं!

पण त्या बाहेर पडल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेत त्यांनी पुढाकार घेतला. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या बायका-कैद्यांना भेटायच्या, त्यांच्याशी बोलायच्या. सणावाराला इस्पितळातल्या रोग्यांना फळं-फुलं नेऊन द्यायच्या. मुंबईच्या सेवासदनाच्या त्या अध्यक्ष झाल्या आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. त्यासाठी स्वतःच्या घराची जागा दिली.

सेवासदनात काय होतं? मोठ्या वयाच्या बायकांसाठी प्राथमिक वर्ग होते. शिवण, हस्तकला होती. शिक्षिका तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज निघालं, बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह निघालं. आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे संसारी बायकांचे वर्ग दुपारी भरायचे. सकाळचा स्वयंपाक, जेवणं, झाकपाक उरकून बाईला निघता यावं आणि संध्याकाळच्या दिवाबत्तीला ती घरी असावी. स्वतःचा वेळ ज्या बाईने घरातल्या टोमण्यांतून राखला होता, तिला हे नेमकं ठाऊक होतं. बाई शाळेच्या वेळेला येऊ शकत नसेल तर शाळेने बाईच्या वेळेला यावं!

हे किती खरं आहे ते मी आमच्या तालुक्याच्या गावात बघितलंय. एका संस्थेने बायकांसाठी मोफत संगणक वर्ग काढला, वेळ संध्याकाळी सहाची. आठवड्याभरात तीनच जणी उरल्या. बायकांना शिकायची आवडच नाही, असं बोललं जाऊ लागलं. आमच्या गटातल्या काही जणींनी वर्ग दुपारी अडीचला घ्यायला सांगितलं. मग बसायला खुर्च्या पुरेनात. बायका त्याच, आवडही तीच, फक्त घड्याळ बदललं.

रमाबाईंनी कामाचा क्रमही असाच ठरवला. विधवांना आधी काय हवं? स्वतःच्या पायावर उभं करणारं काम. म्हणून त्यांनी तरुण विधवांना नर्सिंग शिकायला तयार केलं. हे सोपं नव्हतं. परक्या माणसांची, परजातीच्या रोग्यांची सेवा करणं चांगल्या घरातल्या बाईला शोभत नाही, असंच लोक समजायचे. एका समारंभात लाल आलवणातली एक विधवा बक्षीस घ्यायला पुढे आली तेव्हा विद्यार्थ्यांनी तिची टिंगल केली. एरवी इतकी सौम्य बाई, पण त्या दिवशी भरसभेत रमाबाईंनी त्या शिकलेल्या मुलांची चांगलीच कानउघाडणी केली. स्वतःवरचे टोमणे वर्षानुवर्षं गिळले, आपल्या विद्यार्थिनीवरचा एक हसूसुद्धा त्यांनी सहन केला नाही.

या सगळ्या धबडग्यात १९१० मध्ये त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांची त्याला प्रस्तावना आहे. मराठीतल्या स्त्रियांच्या आत्मचरित्रांत ते मानाचं पुस्तक आहे. तेव्हा त्यांचं वय ४८. १९२१-२२ मध्ये साठीच्या आसपास असताना त्या बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी आणि मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी लढत होत्या. आषाढी-कार्तिकीला आळंदीला सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जायच्या, वारकरी बायकांची सेवा करायच्या. १९२४ मध्ये त्या गेल्या तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलं. सेवासदन आजही उभं आहे.

मैत्रिणींनो, रमाबाई होणं आपल्याला कुठं जमणार, असं म्हणून पान उलटू नका. त्यांच्याकडून तीन गोष्टी आपल्या घरात सहज आणता येतील. पहिली, शिकण्याची वेळ घड्याळ बघून ठरवा. अर्धा तास असला तरी चालेल, पण तो रोज त्याच वेळेला हवा आणि घरातल्या सगळ्यांना तो माहीत हवा. दुसरी, पुढे काय शिकायचं ते ठरवताना आपल्या हाताला कमाई किंवा बळ कशाने येईल ते आधी बघा. शेजारणीने केला म्हणून कोर्स नको. तिसरी, तुम्ही शिकलात की दुसरीसाठी वेळ मोकळी करा. सून असेल तर तिच्या अभ्यासाच्या तासाला चहाचं आधण स्वतः ठेवा. जाऊ असेल तर तिची मुलं तासभर सांभाळा. रानड्यांच्या घरातल्या एखाद्या बाईने असं केलं असतं, तर रमाबाईंचं शिकणं किती सोपं झालं असतं!

आणि गावात बायकांसाठी कुठलाही वर्ग निघणार असेल, तर आधी जाऊन वेळ विचारा. संध्याकाळची असेल तर चार जणी मिळून जा आणि दुपारची करून घ्या.