कमलताई आणि जाऊबाईंचा रिपोर्ट

गेल्या दिवाळीत आमच्या जाऊबाई भारी खुशीत होत्या. हिपॅटायटिस बीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत, आणि रक्तात विषाणू सापडत नाही असा रिपोर्ट हातात पडलेला. आता सोनोग्राफीचा खर्च कशाला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मला मात्र डॉ. कमल रणदिवे आठवल्या. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, अकोले तालुक्यात त्यांनी काम केलं होतं.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याच्या समर्थांच्या घरचा. शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लेकीनं डॉक्टर व्हावं, डॉक्टरच नवरा करावा, अशी त्यांची फार इच्छा. लेकीनं दोन्ही केलं नाही! ती झाडापेशींच्या अभ्यासात रमली, आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितातल्या रणदिव्यांशी.

संसार मुंबईत. घर सांभाळून डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला पेशी काचेच्या भांड्यात वाढवायचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत देशातली तशी पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये स्त्री वैज्ञानिकांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. उतारवयात अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांचं पोषण तपासलं, खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं शिकवलं. २००१ मध्ये त्या गेल्या.

त्यांचं मोठं काम उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगावरचं. विषाणू एकटाच कर्करोग करत नाही, शरीरातले हार्मोन्सही त्यात भाग घेतात, हे ओळखणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांत त्या होत्या.

यकृताचा आजार वेगळा, पण धडा तोच. गोळ्यांनी विषाणू दबतो, कर्करोगाचा धोका बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. वर्षानुवर्षांच्या सुजेनं यकृतावर पडलेले व्रण मागे उरतात, आणि विषाणूही पेशींत दडून राहतो. म्हणून सिरॉसिस असेल किंवा घरात कुणाला यकृताचा कर्करोग झाला असेल, तर रिपोर्ट चांगला आला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवीच. गोळ्याही आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, आजार उसळतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात हिपॅटायटिस बीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आणि मैत्रिणींनो, घरात बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बीची लस टोचली ना, हे जरूर विचारा.

जाऊबाईंना सिरॉसिस आहे. मी त्यांना ओढतच सोनोग्राफीला नेलं. गाठ नाही निघाली. येताना त्या गप्पच होत्या. घरी आल्यावर मात्र स्वतःच उठून कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरची तारीख लाल पेनानं गोल केली.